चार बोटं माया

माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. आमच्या घरात स्वतःच्या हातच्या कामावर जगणारी ती एकटीच. मी नामांकित शाळेचा माजी विद्यार्थी असून बावन्नाव्या वर्षी इतरांच्या अर्जांवर शिक्के मारतो.

तिच्या हुशार मुलीला दोन खासगी माध्यमिक शाळांनी एकाच आठवड्यात शुल्कमाफीसह प्रवेश देऊ केला. एक माझी जुनी शाळा. दुसरी गोदामांमागची; तिचे नाव घेतले की लोक 'कुठली?' असे विचारतात. शनिवार दुपारपर्यंत उत्तर द्यायचे होते.

"यात विचार कसला करायचा?" मी म्हणालो.

"दादा, कापड बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

माझ्या शाळेने आम्हांला पाऊण तास बाहेर तिष्ठत ठेवले. भिंतीवर गुणवंतांची छायाचित्रे होती. त्यांत माझे नाही, याची मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. अखेर मुख्याध्यापिकांनी गुणपत्रिकेचे कौतुक करून विचारले, "आपली काही अपेक्षा?"

बहीण टेबलावरचा नमुन्याचा गणवेश उलटा करून पाहत होती. "पोर वाढत्या अंगाची आहे. थोडी माया ठेवली असती तर बरं झालं असतं."

बाई ताठरल्या. "इथे असली देवाणघेवाण चालत नाही!"

शिवणाऱ्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. पुढे उसवून कपडा मोठा करता येतो. बाईंना मात्र लोक जमवतात तेवढीच माया ठाऊक होती. मी खुलासा केला, तरी त्या हसल्या नाहीत. "आमच्याकडे दरवर्षी नवा गणवेश घेतात. मुलांनी मापात बसलं पाहिजे."

"आणि नाही बसलं तर?" भाचीने विचारले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिले.

दुसऱ्या शाळेत रंगाचे पोपडे निघाले होते आणि दार विज्ञानाच्या मास्तरांनीच उघडले. बहीण मात्र मोठ्या मुलींच्या निळ्या स्कर्टांच्या काठांकडे बघत राहिली. तिथे जुन्या दुमडींच्या दोन फिकट रेघा होत्या. "ही आठवीत उसवली, ही नववीत," ती पुटपुटली.

"अरे वा, जाणकार दिसता! मग माझ्या कोटाची ही बाही जरा बघता का?" मास्तर म्हणाले. तिने बघितली आणि नापसंतीने 'च्च' केले. मास्तर खो खो हसले.

घरी आल्यावर मी तोंड सोडले. "अगं, नाव बघ, नाव! जन्मभर उपयोगी पडतं."

"तुला पडलं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागले.

"मामा, तू तिथे खूश होतास का रे?" भाचीने विचारले.

जगातल्या यच्चयावत कार्यालयांविरुद्ध मी तक्रारी लिहिल्या आहेत. त्या शाळेविरुद्ध एकही नाही. नववीत शर्ट घट्ट झाला होता आणि नवा मागायची लाज वाटे. बटण तुटू नये म्हणून मी तासन्‌तास पोट आत ओढून बसत असे. फळ्यावर काय चालले आहे, तिकडे लक्षच नसे. हे मी त्या दिवशी प्रथमच कुणाला तरी सांगितले.

बहिणीने उठून निळे कापड पसरले.

शुक्रवारी मी माझ्या शाळेला नकाराचे पत्र लिहिले. भारदस्त, सविनय आणि प्रत्येक ओळीत दंश असलेले. बहीण गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून स्कर्टाचा काठ दुमडत होती.

"किती ठेवतेस?"

"चार बोटं."

माप देण्यासाठी खुर्चीवर उभी असलेली भाची माझे पत्र वाचत होती. "मामा," ती म्हणाली, "तिसऱ्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे."

होती.