बसण्णाची विजेची पेटी

आमचा बसण्णा जाऊन आज अकरा दिवस झाले. तवापासनं गल्लीतले लोक मोबाईलवर त्याचा फोटो टाकून लिवायलेत, सोलापूरचा पयला विजेच्या संगीताचा बादशा गेला. वाचून मला हसू पन आलं आन रडू पन आलं. ह्याच लोकांनी तो जित्ता असताना त्याला कुईकुई मास्तर म्हनलेलं, ते कुनी लिवलं न्हाय. मी त्याची पाठची बहीन, शिवबाई. ऱ्हायलेलं मी लिवते.

पंच्याहत्तर साली बसण्णा चोवीसचा आन मी सतराची. आमच्या गल्लीत घराघरात टॉवेलाचे माग. सकाळी सातला जे खटाखट सुरू व्हायचं ते दिवस बुडेपर्यंत. आमचे अप्पा दुसऱ्याच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. बसण्णाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, म्हंजी जिन्याखालची जागा. तितं लोकांचे रेडिओ महिना महिना पोट उघडं टाकून पडलेले. लोक इचारायला आले की हा सांगायचा, "मामा, तुमच्या घरात व्होल्टेज कमी हाय, रेडिओला दोष देऊ नका." दोष कशाचा, त्यातले निम्मे पार्ट ह्यानं काढून आपल्या पेटीला लावलेले.

पेटी म्हंजी एका मोडक्या रेडिओचं खोकं. त्याच्यावर दाराच्या घंटीची चोवीस बटनं, एका ओळीत. एक बटन दाबलं की एक सूर. मांजराच्या शेपटीवर पाय पडला की जसा येतो तसा, पन लांब. आन तालाला काय, तर टेपरेकॉर्डरवर गल्लीतल्या मागाचा आवाज घेतला, फीत कापून गोल चिकटवली, ती फिरत ऱ्हायची. खट खटाक, खट खटाक.

आमची आई, अव्वा, म्हनायची, "आरं, दिवसभर तेच ऐकतोय की आमी. आता हौसेनं पन तेच ऐकायचं व्हय?"

"अव्वा, पुढं जगात असलंच चालनार हाय."

"मग जगाला जाऊन ऐकव की. हितं माझं डोकं उठलंय."

त्यानं कार्ड पन छापलं, बसलिंगप्पाचं बी. लिंगप्पा करून. बी. लिंगप्पा, संगीत दिग्दर्शक, विजेवर. शेजारी इलाहीबक्ष, त्याचा लाउडस्पीकरचा धंदा. तो कार्ड उलटसुलट करून म्हनला, "बसण्णा, बिजली गई तो तू क्या करेगा रे? ताली बजाएगा?"

पयला कार्यक्रम आमच्या मामाच्या पोरीच्या लग्नात. अक्षता पडायच्या टायमाला पेटीतनं सनई वाजनार असं ठरलेलं. बसण्णानं बटन दाबलं आन पेटीतनं रेडिओवरचा बाजारभाव सुरू झाला. ज्वारी, तूर, करडई. सगळा मांडव हसाय लागला. नवऱ्याचा बाप अडत व्यापारी, तो मूठभर अक्षता धरून म्हनतो, "गप बसा जरा, गूळ काय निघाला ते ऐकू द्या."

तरी बसण्णाला काय वाटलं न्हाय. त्याला कशाचंच काय वाटत न्हवतं, हेच त्याचं दुखनं. म्हनला, "बघ शिवा, लोकांनी किती मन लावून ऐकलं."

पेटीसंगं गायला मी. मी चौथीत शाळा सोडली, पन बायकांच्या भजनात माझा आवाज उठून दिसायचा. शरणम्मा भजनवाली म्हनायची, ही पोरगी सुराला चिकटून ऱ्हाती. बसण्णानं मला पंधराव्या वर्सापासनं रोज पेटीपुढं बसवलं. मागं खटाखट चाललेली, पुढं पेटी कुईकुई करायलेली, आन मधी मी.

मग त्यानं मुंबईच्या एका तबकड्यांच्या कंपनीला पत्रं लिवली. सात पत्रांना उत्तर न्हाय. आठव्याला आलं. आमचे सायब सोलापुरात येनार हायत, ऐकून बघतील, पसंत पडलं तर तबकडी काढू.

अप्पांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. म्हनले, "बसलिंगप्पा, पास झालास तर तुझ्या त्या खोक्याला मी सोता हार घालतो. नापास झालास तर दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं मागावर यायचं. परत तोंडातनं संगीत काढायचं न्हाय."

"चालतंय की," बसण्णा म्हनला. जसं काय पासच झालाय.

मला म्हनला, तबकडीवर तुझं पन नाव येनार. मी पाटीवर लिवून बघितलं, गायिका शिवबाई. पुसलं. परत लिवलं. खरं सांगते, मला हार नको होता, मुंबई नको होती. मी गाती एवढं कुटंतरी छापून यावं, बास.

सायब येनार त्या दिवशी माग चालू असनार होते. बसण्णानं डोकं लावलं. त्यानं सायबाला कळवलं, एक दिवस थांबा, दुसऱ्या दिवशी मागांना सुट्टी असते, गल्ली शांत असते, तुमाला नीट ऐकू येईल. सगळ्यांनी म्हनलं, बसण्णाला अक्कल आली. मी पन म्हनलं.

सायब आला. पांढरा शर्ट, हातात रुमाल. बाहेरच्या खोलीत अंधार म्हनून दिवा लावला. इलाहीबक्षनं हौसेनं कर्णा बाहेर लावला, आख्खी गल्ली दारात. बसण्णानं पेटी सुरू केली, मी रोजच्या सुरात तोंड उघडलं. आन पेटी वरच पळाली. रोज जितं मी आन ती भेटायचो, तितं ती न्हवतीच. मी तिच्या मागं गेले. अंतऱ्याला माझा गळा फाटला. बसण्णाकडं बघितलं, तर हा डोळे मिटून बटनं दाबायला. बाहेर पोरं हसायली.

सायबानं हात वर केला. म्हनला, "यंत्र गमतीचं आहे. पण मुलीचा सूर अजिबात लागत नाही. बाई, तुम्ही घरी भजन करत जा."

माझ्या बाजूनं बोलनारा एकच मानूस तितं होता. तो म्हनला, "व्हय सायब, आमची बहीन जरा बेसूरच हाय."

सायब चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी बसण्णा डबा घेऊन अप्पांच्या मागं मागावर गेला. आन गल्लीत माझं नाव झालं बेसूर शिवी. भजनात शरणम्मानं माझ्या हातात टाळ दिला, म्हनली, "तू वाजव बाळ."

चार महिने गेले. आधी सुट्टीच्या दिवशी बसण्णा दुपारच्या शिनेमाला पळायचा, पेटीला हात लावायचा न्हाय. आता मागावर थकायचा, घरीच पडायचा. तसल्याच एका सुट्टीला त्यानं पेटी काढली. मी भाकरी थापत होते. म्हनलं, "अण्णा, लई वर वाजायली."

"तुझा कान बी बेसूर व्हय?"

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी, गल्लीतले माग सुरू झाल्यावर, त्यानं तेच गानं परत वाजवलं. खाली. रोजच्या जागेवर. त्यानं दिव्याकडं बघितलं. दिवा लाल जळायलेला, सगळी वीज माग खात होते. काल सुट्टीला तोच दिवा पांढराफेक होता. पेटीचे सगळे सूर त्यानं माग चालू असताना लावलेले. सुट्टीला वीज भरपूर आली की पेटी आपली वर जायची. आख्ख्या गल्लीला व्होल्टेज शिकवनारा मानूस खाली बसला.

मी पिठाच्या हातानं तशीच उभी. म्हनलं, "सायबाला लिव."

"काय लिवू? रेडिओवाल्याला व्होल्टेज कळलं न्हाय म्हनून?"

"मग अप्पांना तरी सांग. गल्लीला सांग. मी बेसुरी न्हाय म्हनून सांग."

त्यानं पेटीची वायर काढून गुंडाळली. म्हनला, "शिवा, अप्पांना वाटतंय पोरगा हुशार हाय, पोरीमुळं बुडाला. तेवढं एक ऱ्हाऊ दे की माझ्याकडं."

आन मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. सतरा वर्सांची गाढव मी.

पुढं लोक आता लिवायलेत ते त्याचं करीयर. मागावरनं सुटल्यावर तो लोकांच्या दाराला गानारी घंटी बसवून द्यायचा. तीन सूर, त्याचेच. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरपर्यंत अर्ध्या गल्लीच्या दारावर बसण्णाचं संगीत. पावना आला की कुईकुई. सुट्टीच्या दिवशी सगळ्या घंट्या वर वाजायच्या, तवा तो घरात बसून माझ्याकडं बघायचा, आन मी त्याच्याकडं. लग्न होऊन मी अक्कलकोटला गेले. तो दर पंचमीला मला न्यायला यायचा, साडी आनायचा, तोंड उघडायचा तवा फक्त जेवायला.

आमच्यात गेलेल्या मानसाला बसवत्यात, तसं अकरा दिवसांमागं त्याला भिंतीला टेकवून बसवलं, इभूत लावली, हार घातला. भजनाला बायका जमल्या. शरणम्माची सून भजनाची बाजाची पेटी वाजवायली, म्होरं होऊन गानारी आलीच न्हवती. कुनी सुरवात करेना. मी टाळ खाली ठेवला आन म्हनाय लागले. पयल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला लागला. सुरालाच लागला, मला कळतंय की.

संपल्यावर शरणम्माची सून म्हनली, "शिवाक्का, तुमाला गाता येतंय?"

मी भिंतीला टेकलेल्या बसण्णाकडं बघून म्हनलं, "ह्याला इचार."