कोरडं फडकं

माझ्या मेव्हण्याने, शरदने, माळावरच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान स्वतःच्या हातांनी बांधलंय. उडून आला की आधी तो विमानाखाली आडवा होतो आणि पांढऱ्या फडक्याने त्याचं पोट पुसतो. फडक्यावर तेलाचा डाग उमटतोच. "तेल काठोकाठ भरलं की इंजिन ओकतं," तो म्हणतो, "जरा उपाशीच ठेवायचं."

आज फडकं कोरडं निघालं. "बघा दादा, सुधारलं!" म्हणत त्याने तेल मोजायची पट्टी ओढली आणि त्याचं हसू विरलं. तेल कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं. त्याने पट्टी पँटला पुसून पुन्हा बुडवली. तेवढंच. बाहेर सांडलं नव्हतं, म्हणजे आतच जळत होतं.

कुरकुरणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. त्याचं दुखणं निदान कळतं. मग एक दिवस तो गप्प होतो आणि आपण म्हणतो, चला, बरं वाटतंय याला.

तेवढ्यात नलू, शरदची बायको, चहा घेऊन आली. उद्या ती पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसून उडणार आहे.

"आज डाग नाही ना?" तिने विचारलं.

माझी नजर चुकवत शरदने फडकं तिच्यापुढे धरलं. पांढरंशुभ्र.