बेदाण्याच्या शेडमधलं ऊन

मी उन्हाचे फोटो काढतो. हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो तेव्हा समोर बायको डाळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "उन्हात काढता, की उन्हाचे?"

"उन्हाचेच," मी म्हणालो.

"म्हणजे आता मला वाळवण घालायलाही तुमची परवानगी काढावी लागणार."

झालंही तसंच. साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवर तिनं सांडगी मिरची पसरली की मी मोबाइल घेऊन हजर. ऊन मिरचीवर तिरकं यायला अजून दहा मिनिटं आहेत, तोवर ताट हलवू नकोस, असं मी तिला सांगायचो. ती ताट हलवायची. मग मी रुसायचो. साठी ओलांडलेला माणूस मिरचीच्या ताटावरून रुसतो हे शेजाऱ्यांना गच्चीवरून स्पष्ट दिसत असे.

याचं मूळ माझ्या नोकरीत आहे. सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी उभी हयात गेली. तिथे एकच खिडकी, आणि तिच्यापुढे कपाटं लावलेली. दुपारी चारच्या सुमारास दोन कपाटांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि लाल रुमालात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर पडायची. त्या पट्टीत धूळ तरंगताना दिसे. इतकी वर्षं ती पट्टी बघून माझ्या मनात एकच विचार आला, की चार वाजले, चहा यायला हवा. निवृत्त झाल्यावर मुलानं त्याचा जुना मोबाइल मला दिला आणि एका दुपारी स्वयंपाकघरात स्टीलच्या पिंपावर तशीच पट्टी पडलेली दिसली. मी फोटो काढला. काय झालं कुणास ठाऊक, पण मला फार आनंद झाला. उगाच, लहान मुलाला होतो तसा. त्या दिवसापासून सकाळी उठायला मला कारण मिळालं.

पण कारकून तो कारकूनच. महिन्याभरात मी फोटोंची वर्गवारी केली. ऊन-सकाळ, ऊन-संध्याकाळ, ऊन-भांडी, ऊन-भिंती, ऊन-संकीर्ण. रोज त्यातला एक कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवू लागलो. सुरुवातीला अंगठे आले, मग नमस्कार आले, मग काहीच येईना. पुतण्यानं ग्रुपचा आवाज बंद करून ठेवलाय हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, ठीक आहे, चांगल्या कलावंताची कदर उशिरा होते. हे मी बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, "होऊ दे उशिरा, घाई नाही कुणाला."

तशात मार्चमध्ये ताईचा फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तासगावच्या बाजूला दिलेली. घरची द्राक्षबाग, घरचाच बेदाणा. दाजींचा बेदाणा म्हणजे पंचक्रोशीत नाव. लोक शेडवर येऊन त्यांना विचारत, वाळत्या द्राक्षांवर तेलाची फवारणी आज करू का उद्या. पण दिवाळीनंतर दाजींची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. डोकं शाबूत, डोळे शाबूत, पण माणूस ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहिला, तेही शेडकडे पाठ करून. खुर्ची फिरवली की डावा हात आपटायचे.

भावकीतल्यांनी ताईला सांगितलं, यंदा द्राक्षं झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाक, तुला एकटीला शेड झेपायचं नाही. ताईनं ऐकलं नाही.

"द्राक्षं रॅकवर टाकल्यात," ती फोनवर म्हणाली. "येतोस का चार दिवस? कायबी करून बेदाणा हिरवा उतरला पायजे बघ. त्यांच्या हातावर ठेवायचाय मला. बघितलं तर बघतील शेडकडं."

मी लगेच निघालो. बहिणीसाठी निघालो हे खरंच, पण सांगलीकडचं मार्चमधलं ऊन कसं असतं हा विचार पिशवी भरताना मनात होता, तो आता लपवून काय उपयोग? एसटीत सगळे सावलीच्या बाजूला दाटीवाटीनं बसलेले आणि मी उन्हाच्या बाजूला एकटा ऐसपैस. एक म्हातारबा कळवळून म्हणाले, "आवं, हिकडं सरकून बसा की, भाजून निघाल." मी त्यांना सीटच्या दांडीवरचं ऊन दाखवलं. त्यांनी दांडी बघितली, मला बघितलं आणि कराडपर्यंत परत बोलले नाहीत.

ताईनं शेड दाखवलं. वर पत्रा, आत रॅक, म्हणजे जाळीचे एकावर एक मजले, त्यांवर पसरलेली द्राक्षं, आणि चारी बाजूंनी सोडलेली हिरवी जाळी. मग तिनं मला नियम सांगितला. एकदा नव्हे, तीनदा. "ह्याला ऊन लागू द्यायचं न्हाई. वाऱ्यावर वाळतो ह्यो. ऊन लागलं की तांबडा पडला म्हणून समज."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी जरा खट्टू झालो होतो. वाळवण म्हटलं की ऊन, हे मी लहानपणापासून धरून चाललेलो. आता उन्हाच्या शोधात इतक्या लांब यावं आणि राखण करायला मिळावी सावलीची!

दुसऱ्या दिवशी ताई दाजींना घेऊन सांगलीला व्यायामोपचाराला जाणार होती. जीप दारात आली. चढता चढता ती म्हणाली, "शेडकडं ध्यान ठेव रं." मी छातीवर हात ठेवला. आयुष्यभर सरकारी कागद सांभाळलेत, चार द्राक्षं सांभाळता येणार नाहीत?

सकाळी आठ वाजता मी ध्यान ठेवायला गेलो. पूर्वेच्या बाजूला जाळीला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाचा रुपयाएवढा ठिपका एका घडावर पडला होता. मणी आतून पेटल्यासारखा दिसत होता, आतली शीर न् शीर मोजता यावी असा. मी त्या ठिपक्याचे बरेच फोटो काढले. मग वाटलं, एका मण्याचं हे, तर सगळ्या रॅकचं काय होईल? दोनच मिनिटं. मी पूर्वेची जाळी खालून गुंडाळत वर नेली आणि सुतळीनं बांधली. गाठ मी फार छान मारतो. रुमाल बांधून बांधून हात बसलाय. ऊन आत घुसलं आणि पुढची सगळी रांग उजळली. असं काही मी आजवर बघितलं नव्हतं. मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि मी वाकून, बसून, शेवटी जमिनीवर आडवा होऊन फोटो काढत होतो.

मग बॅटरी संपली. मी चार्जिंग करायला घरी गेलो, जेवलो, काढलेले फोटो बघत पडलो आणि त्यांची वर्गवारी करण्यात संध्याकाळ झाली. नवीन फोल्डर उघडला, ऊन-द्राक्ष. जाळी वर तशीच. ताई रात्री उशिरा आली, दमलेली. "शेड बरं हाय न्हवं?" तिनं विचारलं. "अगदी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. जाळी वरच होती. मला वाटलं, बरं झालं, पुन्हा बांधायला नको. इतकंच वाटलं, माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. उलट आज मण्यांवर एक सोनेरी झाक आली होती. काल ती नव्हती. मी मनात म्हटलं, आजचं ऊनच वेगळं आहे.

परत आलो तर दाजी ओसरीवर एकटेच. ताई गोठ्याकडे. मी त्यांच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "दाजी, एक गंमत दाखवू?" आणि तो सोनेरी फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

दाजी बघत राहिले. मग त्यांचे डोळे मोठे झाले. घशातून आवाज निघाला. डावा हात वर उठला आणि खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली. डोळ्यांत पाणी. मी हेलावून गेलो. इतक्या दिवसांनी माझा फोटो कुणाच्या तरी काळजाला भिडला होता. "अजून आहेत, दाजी," मी म्हणालो आणि दुसरा दाखवला. हात आणखी जोरात वर-खाली होऊ लागला. मी तिसरा दाखवला. आवाज ऐकून ताई धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही गं. फोटो आवडलाय दाजींना."

तिनं फोटो बघितला. दाजींचा हात बघितला. तो हात काहीतरी खाली ओढत होता, हे तिला एका क्षणात कळलं. माझ्या हातातला मोबाइल माझ्याच मांडीवर टाकून ती पदर खोचून शेडकडे पळाली. मीही मागून पळालो, तरी मला अजून नीट उमगलं नव्हतं.

माझी गाठ तिला सुटेना. शेवटी खुरप्यानं तिनं सुतळी कापली आणि जाळी खाली सोडली. मग तिनं पुढच्या रांगेतला एक घड उचलला. सोनेरी झाक म्हणजे काय, ते तेव्हा मला समजलं.

"जाळी कुणी गुंडाळली रं?"

मी कापलेली सुतळी खालून उचलली.

"कवा?"

"काल सकाळी."

"कालपास्नं?" ती मट्कन खाली बसली. "तुला येड लागलंय का रं? तीनदा सांगितलं न्हवं? लोक मला म्हणत हुते, तुला झेपायचं न्हाई. आता म्हणतील, बघा, व्हय का न्हाई!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हे हळू आवाजात बोलली. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी साताऱ्याला परत जातो म्हणालो. "जा की," ती म्हणाली, "आन् पुढची रांग कोण येचणार, तुजा फोन?"

आम्ही दोघांनी ती रांग वेचून बाजूला काढली. मागच्या रांगा वाचल्या होत्या. घरी येऊन ताई दाजींपुढे उभी राहिली. "पुढची गेली. मागचं समदं हाय."

दाजींनी डावा हात पुढे केला. मोबाइलसाठी. मी तो भीत भीत त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तोच फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि एका कोपऱ्यावर नख टेकवलं. ताई वाकून बघू लागली. मागच्या रांगेत तिसऱ्या मजल्यावर घड एकावर एक पडले होते. तिथं वारा लागला नसता, ते आतून कुजले असते. तिला ते दिसलं नव्हतं, मला तर दिसणं शक्यच नव्हतं. दाजींनी पंजा पसरून दाखवला, पातळ कर. ताई तशीच शेडवर गेली. वाटेत ती पदरानं डोळे पुसत होती, ते मी बघितलं.

चार दिवसांसाठी गेलेला मी तीन आठवडे राहिलो. माझी नेमणूकच झाली. सकाळ-संध्याकाळ शेडमध्ये जायचं, जाळी न उचलता, प्रत्येक मजल्याचा फोटो काढायचा आणि आणून दाजींना दाखवायचा. सावलीतले, मळकट हिरवे फोटो. माझ्या कारकिर्दीतले सगळ्यांत रटाळ. पण असा चोखंदळ प्रेक्षक मला पुन्हा मिळायचा नाही. फोटो हलला की दाजी डावा हात झटकायचे: पुन्हा काढ. कोपरा सुटला, पुन्हा. अंधार आला, पुन्हा. इतका कडक साहेब मला नोकरीत लाभला नव्हता. ते बोटांनी सांगत, ताई समजून घेई, फवारणी होई. चौथ्या की पाचव्या दिवशी बघतो तर खुर्ची शेडच्या दिशेनं वळलेली. कुणी वळवली ते कुणी बोललं नाही.

बेदाणा उतरला. हिरवा. ताईनं पहिली मूठ दाजींच्या डाव्या तळव्यावर ठेवली. ती मांडीवर ओतून त्यांनी एक दाणा उजेडाकडे धरला, तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. मग तिच्या मनगटाला धरलं आणि शेडकडे बोट केलं.

आम्ही दोघांनी त्यांना दोन्हीकडून धरून नेलं. ओसरी ते शेड, एरवी दोन मिनिटांची वाट, त्या दिवशी किती लागली कुणास ठाऊक. शेड रिकामं होतं. दाजी पूर्वेच्या टोकाला जाऊन थांबले, ताईच्या खांद्यावर भार टाकला, आणि डाव्या हातानं जाळीची कड पकडून ती वर उचलली. वीतभर, मग हातभर. सकाळचं ऊन आत आलं आणि रिकाम्या रॅकवर पसरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हनुवटीनं माझ्या खिशाकडे खूण केली.

मी मोबाइल काढला. घाईघाईनं बटण दाबलं आणि फोटो हलला. ऊन, जाळी, त्यांचा हात, ताईचा चेहरा, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. वर कोपऱ्यात माझं बोट. तसाच मी तो दाजींना दाखवला.

त्यांनी तोंड वाकडं केलं. झटकायला हात मोकळा नव्हता, म्हणून मान झटकली: पुन्हा काढ. आणि मला नीट काढता येईपर्यंत ते तशीच जाळी धरून उभे राहिले.