तुर्कूची विणकरीण

लेकीकडं फिनलंडला गेले होते, तेव्हा तिनं तुर्कू शहरातली जुन्या कारागिरांची लाकडी वस्ती दाखवली, आता तिचं म्युझियम केलंय. तिथं एक म्हातारी पाहुण्यांसमोर मागावर चिंध्यांची सतरंजी विणत होती. मधेच उभा धागा तुटला. कपाळावर सरकवलेला चष्मा ती मांडीवर शोधत राहिली. मला राहवेना. पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीवरून हात घालून मीच गाठ मारली.

गाठीवरून अंगठा फिरवत तिनं काहीतरी विचारलं.

"आई, तू कुठल्या म्युझियममध्ये असतेस, विचारतीय," लेक हसली.

"म्युझियम न्हाय म्हणावं. सोलापुरात घर हाय, माग चालू हाय की अजून."

चार मागांतला एकच उरलाय, ते सांगितलं नाही.

लेकीनं माझं उत्तर तिच्या भाषेत सांगितलं तशी म्हातारी उठली आणि तिनं मला आपल्या जागेवर बसवलं.