मापाच्या दांडीवरचा आकडा

आमच्या ह्यांना बाजारात सगळे 'काटा' म्हणतात. वजनकाट्याचा काटा. तीस वर्षं ह्यांनी इंजिनं बांधली, पण 'चालून जाईल' हे शब्द कधी तोंडातून काढले नाहीत. घरीही तेच. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर कललेलं दिसलं तर भरल्या ताटावरून उठतील. अशा माणसावर लिहायला बसले म्हणजे कौतुकच लिहायला हवं. पण गेल्या महिन्यात जे कळलं त्याने मी अजून हबकलेली आहे.

ह्यांची सगळ्यांत जपलेली वस्तू म्हणजे मापाची दांडी. इंजिनात पुशरॉड असतात, पेन्सिलीएवढ्या पोलादी नळ्या. खालून धक्का बसला की त्या रॉकर नावाची पट्टी वर उचलतात आणि पट्टीचं दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून सपाट केलं की ते बुटकं होतं आणि जुन्या नळ्या लांब पडतात. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसासारखा. म्हणून नव्या नळ्या मागवण्याआधी माप घ्यायचं.

ती दांडी ह्यांच्या वस्तादांनी स्वतः बनवलेली. दोन तुकडे, मध्ये आटे. पूर्ण आवळली की दोनशे मिलिमीटर, तसा आकडाच तिच्यावर कोरलेला. इंजिनात बसवायची, व्हॉल्व्हच्या टोकाला शिक्क्याची शाई लावायची, इंजिन हाताने फिरवायचं. रॉकर घासल्याची खूण टोकाच्या बरोबर मध्ये येईपर्यंत आटे सोडत जायचं. मग दांडी काढून आवळताना आटे मोजायचे. एक आटा म्हणजे सव्वा मिलिमीटर. दोनशे अधिक तेवढे आटे, हे झालं माप. रोज संध्याकाळी ती मऊ फडक्यात गुंडाळून घरी यायची आणि मी देवाच्या फोटोखालच्या कप्प्यात ठेवायचे.

यंदा ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, बोलणं जड झालं. धाकट्या भाऊजींनी लगेच गॅरेजसाठी टायरवाला भाडेकरू शोधला. त्यांचं चूक नव्हतं, त्यांना आमचीच काळजी. पण आमची बारकी सहा वर्षं बापाच्या हाताखाली काम करत होती. ती म्हणाली, एक इंजिन मला एकटीला बांधू द्या, मग काय ते ठरवा.

लाँचवाल्याचं इंजिन तेव्हा अर्धं उघडून पडलं होतं. माणसं पैलतीरी नेणारी त्याची लाँच महिनाभर बांधून ठेवलेली. तो बारकीला म्हणाला, "हा हात भाजी चिरायचा आहे, पोरी."

"मग काका, तुमचं बोट धरा इथे. धार बघू."

तो हसला आणि कबूल झाला. मात्र शनिवारी इंजिन सुरू झालं नाही तर उचलून नेईन म्हणाला. भाऊजी म्हणाले, तसं झालं तर किल्ल्या टायरवाल्याला.

माप घेतलं त्या दिवशी हे व्यायामाच्या दवाखान्यात होते. उजेडाला बॅटरी मी धरली होती. बारकीने तीनदा माप घेतलं. तिन्ही वेळा खूण दोऱ्यासारखी बारीक, अगदी मध्यावर. तिन्ही वेळा आटे सात. सोळा पुशरॉड बनून आले, बसले.

शनिवारी स्टार्टर मारला तर इंजिन पंख्यासारखं नुसतं गरगरलं. आत दमच धरेना. तिने एकेका सिलिंडरला दाबाचं घड्याळ लावलं. आठांपैकी एकाचाही काटा हलला नाही. बारकी पांढरी पडली. लाँचवाला टोमणा मारेल असं वाटलं होतं, पण तो इंजिन उचलायची साखळी चाचपू लागला आणि ते जास्त लागलं. भाऊजींनी खिशातून फोन काढला.

मी धावत जाऊन ह्यांना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आले. मनात देवाचं नाव चालूच होतं. ह्यांनी विचारलं, आटे किती. ती म्हणाली सात. ह्यांनी डोळे मिटले.

"पाच धरायचे," हे एकेक अक्षर ओढत म्हणाले.

"बाबा, मी तीनदा मोजले. सातच."

"सातच. दांडीवरचा आकडा खोटा आहे. दोन वजा करायचे."

भाऊजींचा फोन हातातच राहिला. बारकीने विचारलं, कधीपासून. हे म्हणाले, पहिल्या दिवसापासून. आकडा कोरला तेव्हा वस्तादांची नजर अधू झाली होती. त्यांना सांगणं ह्यांच्या जिवावर आलं. ते गेल्यावर तो आकडा खोडणं त्याहून जड झालं. गॅरेजातला लांबी मोजायचा व्हर्नियर आखूड, दांडी त्यात मावत नाही, म्हणून दुसऱ्या कुणी कधी तपासलंच नाही. तीस वर्षं हे दोन आटे मनातल्या मनात वजा करत आले. पोरीला नाही सांगितलं, मलाही नाही. आणि ह्यांची वाचा पूर्ण गेली असती तर? मी टायरच्या थप्पीवर बसले.

बारकी रडली नाही. लेथवाल्याकडून लांब व्हर्नियर आणून तिने सगळ्यांसमोर माप घेतलं. एकशे साडेसत्त्याण्णव. बरोबर दोन आट्यांचा फरक. लाँचवाला पुढे झाला, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि म्हणाला, "मंगळवारपर्यंत थांबतो. चूक पोरीची नाही."

मंगळवारी नव्या नळ्या बसल्या आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. भाऊजींनी टायरवाल्याला आमच्यासमोरच नाही म्हणून कळवलं.

बारकीने जुना आकडा खोडला नाही. त्याच्याखाली खरा ठोकला. मग बापासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, अजून काय काय आहे डोक्यात?"

हे मला म्हणाले, "वही आण."

माझं अक्षर शाळेपासून चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. बोल्ट आवळायच्या टॉर्कच्या पान्याचा काटा दोन घरं पुढे दाखवतो. दाबाचं घड्याळ थंडीत कमी सांगतं. फटी मोजायच्या फीलर गेजच्या एका पातीवरचा आकडा चुकलेला आहे. काल चौदावी नोंद झाली. दर नोंदीला मी पेन थांबवून ह्यांच्या तोंडाकडे बघते आणि हे नजर चुकवून म्हणतात, "लिही, अजून आहे."