पिशवीतला पाय
नव्या प्लास्टिकच्या पिशवीचा वास आला की माझा डावा पाय अजून गार पडतो. सिल्वासातल्या आमच्या पिशव्यांच्या कारखान्यातून मी आणि माझ्या शिफ्टचा जोडीदार हिमाचलात बर्फातल्या डोंगरी शर्यतीला गेलो होतो. शेवटची रेषा हात धरून ओलांडायची, असं ठरलेलं. मोज्यांवर कारखान्याच्याच पिशव्या चढवल्या होत्या. हत्ती बुडेल एवढ्या बर्फात त्याची पिशवी फाटली. “भाऊ, बोटं गेली माझी!” तो रडकुंडीला आला, म्हणून मी डाव्या पायातली माझी काढून दिली. मी बुटाची नाडी बांधतोय तोवर “तू ये आरामात,” म्हणत तो पळाला. मी पोचलो, तेव्हा तो गळ्यात पदक घालून लोकांना सांगत होता, “ह्याला मीच ओढत आणलं.” परवा म्हणाला, “चल ना भाऊ, यंदाही हात धरून पळू.” मी खिशातून हात काढलेच नाहीत.