बुजवलेल्या विहिरीतली कळशी

या प्रकरणाची आठवण निघाली की अजूनही माझं डोकं तापतं. आष्टीकडच्या एका गावात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ऊसतोडीहून परतलेली एक म्हातारी तक्रार घेऊन आली.

"सायेब, आमी कोयत्यावर गेलतो, तवर आमची हीर बुजवली. आता पानी कुटून आनावं?"

विहीर पूर्वी साऱ्या गावाची. नळ आल्यावर गावानं ती सोडली, पण कडेच्या बौद्ध वस्तीत नळ गेलाच नाही. वस्ती तोडीला गेलेली असताना विहिरीत मुरूम टाकून तिथं प्लॉट पाडले गेले.

प्लॉट पाडणारा पुढारी चौकशीत खुर्चीवर रेलून म्हणाला, तिथं कचऱ्याचा खड्डा होता. सातबाऱ्यावरही विहिरीची नोंद नव्हती.

गंमत म्हणजे स्टँडवरच्या हॉटेलात रोज याच विहिरीच्या आठवणी निघत. पाठीला डबा बांधून तिथंच पोहायला शिकलो, असं एक निवृत्त गुरुजी रंगवून सांगत. मी हवालदाराला जबाब घ्यायला पाठवलं, तर एकालाही काही आठवेना. गुरुजी म्हणाले, आता नजर अधू झालीय, जागा नक्की सांगता येणार नाही. गुन्हेगाराचा येत नाही एवढा राग मला त्या माणसांचा आला.

म्हातारीला पुन्हा खोदून विचारलं. तोडीला निघायच्या दिवशी दोर तुटून तिची कळशी विहिरीत पडली होती. मुकादमाची गाडी उभी, त्यामुळे गळ टाकून काढायला वेळ मिळाला नाही.

"बापानं लग्नात दिलेली हाय. नाव कोरलंय तिच्यावर."

मला तेवढंच हवं होतं. तहसीलदारांची परवानगी काढली. गावातलं कुणी पंच व्हायला तयार होईना, ते शेजारच्या गावातून आणले. दोन दिवस जेसीबी चालला. आधी दगडी बांधकाम उघडं पडलं, मग गाळातून चेपलेली पितळी कळशी वर आली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवर बोट फिरवलं आणि मान डोलावली.

सोबत एक जुना तांब्याही निघाला. त्यावर गुरुजींच्या वडिलांचं नाव होतं.

पुढाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, विहीर मोकळी झाली, वस्तीला पाणी मिळालं. मी शिकलो ते एवढंच, की माणसं विसरत नाहीत. आठवण कुठं काढायची आणि कुठं गिळायची, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

परवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुजींनी त्या विहिरीवर लांबलचक लिहिलं. खाली फुलांचा आणि हात जोडल्याचा पाऊस.

मी एकच ओळ लिहिली, "गुरुजी, नजर कधी सुधारली?"